सरावाच्या साहित्यात गादी कधी येणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खेळाडू आता जाहिरातीपुरते चेहरे न राहता क्रीडा-उद्योगांत भांडवल घालू लागले आहेत, या विषयावर आपल्या क्रीडापानावर अलीकडे बरंच वाचायला मिळतं. त्यात झोप आणि थकवा भरून काढणाऱ्या यंत्रांचा उल्लेख आला की मी तो मजकूर दोनदा वाचते. मी १९ वर्षं मुलींच्या एका निवासी क्रीडा केंद्रात गृहपाल होते. मुली मैदानावर काय करतात ते प्रशिक्षक बघत. मैदान सोडून उरलेला दिवस आणि सगळी रात्र माझ्याकडे. म्हणून झोपेबद्दल चार गोष्टी अनुभवाने सांगते.

आधी हे सांगते की खेळाडूंनी या धंद्यात पैसा घातला याचा मला आनंद आहे. मनगटावर पट्टा बांधून झोप, नाडी आणि शरीरावरचा ताण मोजणारी ‘हूप’ ही कंपनी २०१२ मध्ये विल अहमद या हार्वर्डच्या स्क्वॉश संघाच्या कर्णधाराने काढली. आपण सराव जास्त करतो की कमी, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं, त्यातून ती कल्पना निघाली. पुढे बास्केटबॉलचा केविन ड्युरँट, गोल्फचा रोरी मॅकिलरॉय असे खेळाडू तिचे भागीदार झाले आणि २०२४ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डोनेही पैसे घातले. २०२१ मध्येच तिचं मूल्य ३६० कोटी डॉलर धरलं गेलं होतं. गादीवर घालायचं एक आच्छादन निघालं आहे, त्यातल्या बारीक नळ्यांतून गार किंवा कोमट पाणी फिरतं. ते बनवणाऱ्या ‘एट स्लीप’मध्ये बेसबॉलपटू अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जचे पैसे आहेत. रॉजर फेडररने २०१९ मध्ये ‘ऑन’ या स्विस बूट-कंपनीत भाग घेतला आणि दोन वर्षांत ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. आपल्याकडे विराट कोहलीने पूमाशी असलेला २०१७ चा करार संपल्यावर ‘अ‍ॅजिलिटास’ या क्रीडा-साहित्याच्या कंपनीत भांडवल घातलं.

मला मात्र जवळचं उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं वाटतं. स्वतः वारंवार दुखापतींतून उठलेला हा गोलंदाज. भारतीय संघाचे माजी ट्रेनर अ‍ॅड्रियन ले रू यांना सोबत घेऊन त्याने मुंबईत ‘प्रोस्पोर्ट’ ही दुखापतीतून सावरायला मदत करणारी केंद्रं काढली. नेमबाज गगन नारंगने २०११ मध्ये, म्हणजे लंडनचं ऑलिंपिक पदक मिळायच्याही आधी, पुण्याच्या बालेवाडीत ‘गन फॉर ग्लोरी’ ही नेमबाजीची प्रशिक्षण संस्था सुरू केली. ज्याचं शरीर ज्या जागी दुखलं, जो ज्या सोयीवाचून अडला, त्याने तिथेच पैसा लावावा, यात मला मोठा अर्थ दिसतो. खेळाडूची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची. पस्तिशीनंतर घर चालायला हवं, हेही खरंच आहे.

पण माझा विषय झोप. सचिन तेंडुलकरने २०२१ मध्ये एका कार्यक्रमात मोकळेपणाने सांगितलं होतं की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. पुढे त्याने ती अस्वस्थता तयारीचाच भाग म्हणून स्वीकारली. हे वाचलं तेव्हा मी सेवेत होते. ते कात्रण मी वसतिगृहाच्या फळ्यावर लावलं. मुली त्याभोवती गोळा झाल्या. स्पर्धेच्या आदल्या रात्री कूस बदलत पडून राहणारी आपण एकटीच नाही, एवढं कळल्यानेही त्यातल्या काहींचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

आमच्याकडचा दिवस असा. पहाटे साडेचारला घंटा, पाचला मैदान. साडेसातला नाश्ता, मग अंघोळ, कपडे, अकरा ते पाच शाळा. साडेपाच ते साडेसात पुन्हा मैदान. आठला जेवण, दहापर्यंत अभ्यास, साडेदहाला दिवे बंद. वाचकांनी बोटांवर मोजून बघावं. दिवा बंद झाल्याक्षणी झोप लागली तरी सहा तास होतात आणि पंधरा वर्षांच्या मुलीला दिवा बंद झाल्याक्षणी झोप लागत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि पहाटे डोळा उघडत नाही. तो आळस नव्हे, त्या वयाचा शरीरधर्म आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांची संस्था सांगते. दिवसाला चार-साडेचार तास धावणाऱ्या मुलीला त्यातलं वरच्या टोकाचंच माप हवं.

एक रात्र मी विसरलेले नाही. मार्चअखेरचे दिवस, राज्य स्पर्धा तोंडावर. बारानंतर टॉर्च घेऊन फेरी मारत होते, तर व्हरांड्यात शहाबादी फरशीवर चादर अंथरून एक मुलगी झोपलेली. माण तालुक्यातली, दीड हजार आणि तीन हजार मीटर पळणारी. धावपटू ललिता बाबरच्या मोही गावापासून तिचं गाव लांब नव्हतं. रिओ ऑलिंपिकला ललिता अंतिम फेरीत धावली होती आणि या मुलीने तिचा फोटो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. तिला उठवून विचारलं, इथे का? ती म्हणाली, “मॅडम, आत कंबर दुखती.” मी आत जाऊन तिच्या पलंगावर हात ठेवला. गादीच्या मधोमध खड्डा होता. कापूस कडेला सरकून गोळे झालेले आणि जिथे कंबर टेकते तिथे तळव्याला थेट पलंगाची लोखंडी पट्टी लागली. मी टॉर्च तोंडात धरून दोन्ही हातांनी शेजारच्या गाद्या चाचपल्या. चोवीस पलंगांपैकी निम्म्याहून जास्त गाद्यांची तीच गत. इतकी वर्षं मी रोज चादरी नीट घातल्या आहेत का ते बघत होते, गादीत हात घातला नव्हता.

त्या स्पर्धेत ती धावली नाही. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. गादीमुळे हाड गेलं असं मी म्हणणार नाही. त्याला सराव, बूट, मैदान, आहार अशी अनेक कारणं असतात. पण पुढे डॉक्टरांच्या एका शिबिरात ऐकलेली गोष्ट मनात रुतून बसली. लॉस एंजेलिसमधल्या शाळेच्या ११२ खेळाडू मुलामुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट आढळली. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ मध्ये ११ बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. त्यांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री थ्रो ९ टक्के सुधारले. खेळाडू अकराच होते, हे ध्यानात ठेवून बोलायला हवं. तरी धावणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात राहिलेल्या माणसाला सात दशांश सेकंद म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडे हे ज्ञान नव्हतं असंही नाही. माझे वडील तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत होते. मेहनत, खुराक आणि आराम या तिन्हींना तिथे सारखा मान होता. पहाटेचे जोर-बैठका, लढती आटोपून थंडाई झाली, जेवण झालं की दुपारी तालमीचं दार लोटलं जाई आणि वस्ताद स्वतः उंबऱ्याशी बसत. कुणी हाका मारत आला तरी पैलवानाला उठवत नसत. वडील सांगत, झोपेतून उठवलेल्या पोराला वस्ताद त्या दिवशी मातीत उतरू देत नसत. अंग कधी भरतं हे त्या माणसाला यंत्राशिवाय कळत होतं. गाढ झोपेत, विशेषतः झोपेच्या पहिल्या काही तासांत, शरीरात वाढीचं संप्रेरक सर्वाधिक स्रवतं, असं आता शास्त्र सांगतं. वस्तादांनी ते दाराशी बसून राखलं होतं.

गाद्यांसाठी मी तीन अर्ज केले. एकाचं उत्तर आलं. गादी ही वस्तू खर्चाच्या ‘फर्निचर’ या शीर्षाखाली येते आणि त्या शीर्षात चालू वर्षी तरतूद नाही. क्रीडा साहित्याच्या शीर्षात तरतूद होती. त्या वर्षी भाले आले, अडथळ्यांचे नवे संच आले. ते लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. मी पुन्हा लिहिलं की गादी हेही क्रीडा साहित्य धरावं. त्या अर्जाचं उत्तर निवृत्त होईपर्यंत आलं नाही.

शेवटी कापूस पिंजायचं यंत्र टेम्पोवर घेऊन गावोगाव फिरतात, त्यांतल्या एकाला बोलावलं. पटांगणात टेम्पो उभा राहिला, मुलींनी एकेक गादी खांद्यावर घालून खाली आणली. उसवून कापूस बाहेर काढला तर काळा, दगडासारखा. यंत्रातून निघाला तेव्हा एका गादीच्या कापसाचा ढीग त्या मुलीच्या कमरेएवढा झाला. चार दिवस पटांगणभर पांढरं उडत होतं, भाताच्या ताटात तंतू यायचे. खोळी नव्या शिवल्या. पैसे गावातल्या दोन व्यापाऱ्यांनी दिले, थोडे मी घातले, पालकांनी जमेल तसे दिले. त्या रात्री साडेदहाला दिवे घालवले आणि पंधरा मिनिटांत दालनात श्वासांखेरीज आवाज नव्हता. दाराशी उभी राहून मी बराच वेळ ते ऐकत होते.

मग वेळेचं मनावर घेतलं. प्रशिक्षक सर समजूतदार होते. दिवाळीनंतर सहा आठवडे आम्ही दोघांनी ठरवून घंटा साडेपाचला केली, मैदान सव्वासहाला. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, दिवे पावणेदहाला बंद. मी एक वही घातली. दिवे किती वाजता गेले, किती जणी रात्री उठल्या, सकाळी कुणाला हाका माराव्या लागल्या, आजारी खोलीत कोण आलं. हा काही अभ्यास नव्हे, एका बाईने ठेवलेली नोंद आहे. पण त्या सहा आठवड्यांत आजारी खोली कधी नव्हे इतकी रिकामी होती आणि शाळेच्या बाईंनी आपणहून निरोप पाठवला की मुली पाचव्या तासालाही जाग्या असतात. सातव्या आठवड्यात तपासणी आली. “खेळाडू मुली साडेपाचपर्यंत झोपतात?” असा प्रश्न विचारला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून घंटा पुन्हा साडेचारला वाजली. पहाटेच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, माझ्या घरातच ती होती. तालमीत मात्र दुपारची झोप तिची भरपाई करी. आमच्या मुली दुपारी शाळेच्या बाकावर असत.

माणदेशातली ती मुलगी बरी झाली. आता नोकरीत आहे, खात्याकडून अजून धावते. गेल्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा तिच्या बोटात काळी अंगठी होती. काढून माझ्या तळहातावर ठेवली. पिसासारखी हलकी. आतल्या बाजूने बारीक दिवे लुकलुकत होते. तो प्रकाश कातडीतून रक्तापर्यंत जाऊन परततो, त्यावरून नाडीचे ठोके, दोन ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होणं, शिवाय बोटाचं तापमान आणि हालचाल, या सगळ्यावरून झोपेचा अंदाज बांधते, असं तिने समजावलं. अंदाजच तो. मेंदूच्या लहरी मोजायच्या तर दवाखान्यात डोक्याला तारा लावूनच झोपावं लागतं. अंगठी बंगळुरूच्या ‘अल्ट्राह्यूमन’ची, किंमत २८ हजारांच्या घरात, हप्त्याने घेतलेली. मोबाईलवर तिने मला आधीच्या रात्रीची रेघ दाखवली. रात्रपाळी होती, त्यामुळे झोप पाच तासांची आणि तीही तुटक.

मी विचारलं, “मग हे कळून तू काय करतेस?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “मॅडम, आधी टेन्शन यायचं. आकडा कमी दिसला की पुढच्या रात्रीपण झोप लागायची नाही. आता साहेबांना आकडा दाखवते. स्पर्धेआधीचे पंधरा दिवस रात्रपाळी काढून दिली त्यांनी.”

तिला आलेल्या त्या टेन्शनलाही आता शास्त्रात नाव आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ म्हटलं. मोजमाप बिनचूक यावं या ध्यासानेच झोप उडते. पण तिचं दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. मी वहीत लिहिलं ते कुणी वाचलं नाही, तिच्या मोबाईलवरची रेघ साहेबांनी मानली. यंत्राचा हा उपयोग मी मनापासून मान्य करते.

आणि म्हणूनच हे पत्र. ज्या खेळाडूंनी झोपेच्या, सावरण्याच्या, क्रीडा-साहित्याच्या कंपन्यांत भागीदारी घेतली आहे, त्यांचा शब्द या विषयात आमच्यासारख्यांच्या अर्जापेक्षा कितीतरी जड आहे. एका अंगठीच्या किमतीत, आमच्या बाजारभावाने, दहा-अकरा नव्या कापसाच्या गाद्या होतात. अंगठी घेऊ नये असं मला म्हणायचं नाही. अंगठीने जे मोजायचं, ते आधी लागायला तर हवं.

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. शब्द ‘प्रशिक्षण’ आहे. माझी मागणी एवढीच की या प्रशिक्षणात निवासी खेळाडूची झोप धरली जाते, असं शासनाने एका परिपत्रकाने सांगावं. गादी, पंखा, खिडकीला डासांची जाळी आणि झोपेचं राखीव वेळापत्रक, एवढं त्यात यावं. मग शीर्ष कोणतं हा प्रश्न उरणार नाही आणि मदत करू इच्छिणाऱ्या कंपनीलाही अडचण राहणार नाही.

सरकारला झोपेचं मोल कळत नाही असं कुणी म्हणू नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामात वातानुकूलन नव्हतं, उकाडा वाढला तेव्हा आपल्या क्रीडा मंत्रालयाने भारतीय खेळाडूंच्या खोल्यांसाठी ४० फिरते एसी तातडीने पोहोचवले. पथकाच्या वैद्यकीय चमूत मुंबईच्या डॉ. दिनशा पारडीवाला यांच्यासोबत झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरही होत्या. तिथल्या गाद्या ‘एअरवीव्ह’ या जपानी कंपनीच्या. खांदा, कंबर आणि पाय यांसाठी तीन वेगळे तुकडे आणि जो तो आपल्या अंगाप्रमाणे कडक-मऊ बाजू पालटून घेई. ते वाचताना मला आमची लोखंडी पट्टी आठवली. पॅरिसपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूला मिळालं ते योग्यच झालं. तिथवर जायच्या वाटेवर असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला कंबरेखाली कापूस हवा, इतकंच म्हणते.

एक बारीक गोष्ट पालकांसाठी. जो खेळाडू एखाद्या पट्ट्याची किंवा गादीची शिफारस करतो, त्याचे त्या कंपनीत पैसे आहेत का, हे जाहिरातीत सांगणं जून २०२२ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे. ते बघून, डॉक्टरांना विचारून मगच मुलांना घेऊन द्यावं. मुलाला रात्री साडेनऊला झोपू देण्यासाठी कशाचीच खरेदी लागत नाही.

जूनमध्ये निवासी केंद्रांत नव्या मुली दाखल होतील. पालकांनी मैदान, ट्रॅक, जिम बघावं आणि नंतर जिन्याने वर जाऊन एका गादीच्या मधोमध तळहात दाबून बघावा. घंटा किती वाजता वाजते तेही विचारावं. माझी ती सहा आठवड्यांची वही मी जपून ठेवली आहे. कुणा अधिकाऱ्याला, प्रशिक्षकाला किंवा या धंद्यात उतरलेल्या खेळाडूला ती बघायची असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी ती घेऊन स्वतः येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गृहपाल
कराड, जि. सातारा